गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल: कुठे घसरू द्यायचं, कुठे पकडू द्यायचं

पिकअप ट्रकखाली शिरून पाहिलं तर इंजिन सोडूनही ऑइल भरलेले दोन ते चार कप्पे सापडतात. एक गिअरबॉक्स, एक मागचं डिफरन्शियल, आणि गाडी फोर बाय फोर असेल तर ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये वाटणारा भाग) आणि पुढचं डिफरन्शियल. सगळीकडे दातेरी चाकंच फिरतात, त्यामुळे सगळीकडे एकच ‘गिअर ऑइल’ चालत असेल असं वाटणं साहजिक आहे. पण एका कप्प्यातलं उत्तम ऑइल शेजारच्या कप्प्यात ओतलं तर तो कप्पा हळूहळू बिघडू शकतो, आणि बिघाड लक्षात येईपर्यंत बरंच अंतर कापून झालेलं असतं. म्हणून बाटली निवडण्याआधी त्या कप्प्याच्या आत काय चाललंय हे समजून घ्यायला हवं.

ऑइल म्हणजे घर्षण कमी करणारा पदार्थ, ही आपली सवयीची समजूत. इंजिनापुरती ती बऱ्यापैकी पुरते. त्याच्या मागच्या कप्प्यांमध्ये मात्र काही भागांना एकमेकांवरून न ओरखडता घसरायचं असतं, आणि काही भागांना त्याच ऑइलात बुडालेलं असताना एकमेकांना पकडायचं असतं. ऑइल निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: या कप्प्यात ऑइलात भिजून पकड घेणारं काही आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर निवड सोपी आहे. ‘हो’ असेल तर गाडीच्या पुस्तिकेतलं एकेक अक्षर महत्त्वाचं ठरतं.

साधं डिफरन्शियल: इथे फक्त घसरायचं

डिफरन्शियलमध्ये पिनियन नावाचं छोटं चाक क्राउन नावाच्या मोठ्या चाकाला फिरवतं आणि इंजिनाची ताकद काटकोनात वळून चाकांकडे जाते. जवळजवळ सगळ्या पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये ही जोडी हायपॉइड पद्धतीची असते. म्हणजे पिनियन क्राउनच्या बरोबर मध्यावर येत नाही, थोडा खाली सरकवलेला असतो. १९२६ च्या सुमारास पॅकार्ड कंपनीने ही रचना मोटारीत आणली. तिचे फायदे मोठे होते. पिनियन खाली आला की गिअरबॉक्सकडून मागे ताकद आणणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्टही खाली जातो आणि गाडीचा तळ बुटका करता येतो. पिनियन आकाराने मोठा ठेवता येतो, एका वेळी जास्त दात एकमेकांत अडकतात, आवाज कमी होतो आणि ताकद जास्त सोसता येते.

या फायद्यांची किंमत ऑइलला मोजावी लागते. साध्या गिअरचे दात एकमेकांना भिडतात ते साधारण टाळी वाजवल्यासारखे. हायपॉइडचे दात भिडल्यावर दाबलेल्या अवस्थेतच एकमेकांवर लांबीच्या दिशेने घासत जातात, जणू टाळी वाजवून हात तसेच दाबून चोळावेत. एवढ्या दाबाखाली अशी घासाघीस झाली की मधला ऑइलचा थर पुसला जातो. धातू धातूला लागला की क्षणभर तिथलं तापमान प्रचंड वाढतं, दोन दातांचे बारीक उंचवटे एकमेकांना चिकटतात आणि तुटतात. दातांवर ओरखडे पडायची सुरुवात इथून होते.

हे टाळण्यासाठी ऑइलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घातलेली असतात. त्यांना एक्स्ट्रीम प्रेशर, म्हणजे थोडक्यात ईपी अ‍ॅडिटिव्ह म्हणतात. एरवी ती ऑइलात स्वस्थ असतात. जिथे थर फाटून तापमान चढतं, नेमकं तिथेच ती लोखंडाशी रासायनिक क्रिया करतात आणि दातावर एक पातळ, मऊ थर तयार होतो. घासाघीस झाली की हा थर कापला जातो, खालचं पोलाद वाचतं, आणि लगेच नवा थर बनतो. डिफरन्शियलचं ऑइल सोडताना येणारा उग्र वास याच गंधकाचा. हे पदार्थ काम करता करता खर्च होतात, ही गोष्टही लक्षात ठेवावी. ऑइल दिसायला स्वच्छ असलं तरी त्यातलं हे संरक्षण कमी झालेलं असू शकतं.

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने, म्हणजे एपीआयने, गिअर ऑइलचे वर्ग पाडले आहेत: जीएल-१ पासून पुढे. त्यातले बरेच आता कालबाह्य आहेत. पिकअपवाल्याने दोनच लक्षात ठेवले तरी भागतं, जीएल-४ आणि जीएल-५. हायपॉइड डिफरन्शियलला जीएल-५ लागतं, इथे तडजोड नाही. जीएल-५ ठरवताना खऱ्या अ‍ॅक्सलवर चाचण्या होतात: एकीत कमी वेगात प्रचंड जोर लावतात, दुसरीत जास्त वेगात अचानक झटके देतात. बाटलीवर एसएई (मोटार अभियंत्यांची मानकं ठरवणारी संस्था) जे२३६० असंही लिहिलेलं असेल तर आणखी चांगलं, कारण तो जीएल-५ च्या वरचा, लष्करी मानकातून आलेला कडक दर्जा आहे. कधीकधी जुन्या बाटल्यांवर जीएल-६ दिसतं. तो वर्ग तपासण्याची यंत्रणाच आता उपलब्ध नाही, त्यामुळे त्या आकड्याकडे पाहून काही ठरवू नये.

मॅन्युअल गिअरबॉक्स: घसरायचंही आणि पकडायचंही

जीएल-५ मध्ये ईपी अ‍ॅडिटिव्ह जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. मग ‘पाच हा चारपेक्षा वरचा, तर गिअरबॉक्समध्येही पाचच घालू’ असा विचार येतो. पिकअपच्या ऑइलबाबत सर्वांत जास्त नुकसान करणारा विचार कुठला असं कुणी विचारलं, तर मी हाच सांगेन.

मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये सिंक्रोनायझर रिंगा असतात. गिअर बदलताना दोन वेगवेगळ्या वेगांनी फिरणारे भाग एका वेगावर आणण्याचं काम त्या करतात. ते काम होतं घर्षणाने. रिंगची आतली बाजू गिअरच्या शंकूवर दाबली जाते, मधलं ऑइल बाजूला सारलं जातं, रिंग शंकूला पकडते, वेग जुळतो आणि गिअर आवाज न करता पडतो. ऑइल गरजेपेक्षा निसरडं असेल तर रिंग शंकूवरून घसरतच राहते. मग गिअर टाकताना खरखर होते, तो पटकन पडत नाही, आणि रिंग लवकर झिजते.

दुसरी अडचण रसायनाची. अनेक सिंक्रोनायझर रिंगा पितळेच्या किंवा तांबं असलेल्या इतर मिश्रधातूच्या असतात. काही गंधकी संयुगं तापल्यावर तांब्याशी क्रिया करतात आणि रिंगेचा पृष्ठभाग हळूहळू खाल्ला जातो. ऑइल तांब्याला किती बाधतं हे पाहायला तांब्याची पट्टी गरम ऑइलात बुडवून ठेवण्याची प्रमाणित चाचणी आहे. पट्टी किती काळवंडली त्यावरून दर्जा ठरतो. आजची बरीच जीएल-५ ऑइलं या बाबतीत पूर्वीपेक्षा सौम्य आहेत, हे मान्य. पण रसायनाचा प्रश्न सुटला तरी निसरडेपणाचा प्रश्न उरतोच. त्यामुळे पुस्तिकेत जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४ च घ्यावं. ‘जीएल-४/जीएल-५’ असा दुहेरी शिक्का असलेलं ऑइल प्रत्यक्षात जीएल-५ एवढी अ‍ॅडिटिव्ह घेऊनच येतं, नाहीतर त्याला पाचचा दर्जा मिळालाच नसता. गाडीच्या कंपनीने असं ऑइल चालेल म्हटलं असेल तरच ते गिअरबॉक्समध्ये घालावं.

आणि प्रत्येक मॅन्युअल गिअरबॉक्सला गिअर ऑइलच लागतं असंही नाही. फोर्डच्या रेंजर आणि एफ-१५० मध्ये वर्षानुवर्षं बसवलेला एम५ओडी हा पाच गिअरचा बॉक्स ऑटोमॅटिक ट्रान्समिशनच्या लाल फ्लुइडवर, म्हणजे एटीएफवर चालतो. रॅमच्या डिझेल ट्रकमधला सहा गिअरचा जी५६ कारखान्यातून एटीएफ+४ घेऊन आला. एनव्ही४५०० या दणकट बॉक्ससाठी खास सिंथेटिक जीएल-४ ठरवलेलं होतं. इसुझूच्या काही जुन्या मॅन्युअल बॉक्समध्ये चक्क इंजिन ऑइल घालायला सांगितलं आहे. चारही मॅन्युअल, चारही पिकअपमधले, आणि चौघांचं ऑइल वेगळं. ‘मॅन्युअल आहे ना, मग घाला नव्वद नंबरचं गिअर ऑइल’ हा सल्ला म्हणूनच धोक्याचा. पातळ एटीएफसाठी आखलेल्या बॉक्समध्ये जाड गिअर ऑइल गेलं तर थंडीत गिअर हलतच नाहीत, आणि अरुंद वाटांमधून ऑइल बेअरिंगपर्यंत वेळेवर पोचत नाही.

७५डब्ल्यू-९० म्हणजे काय

आकडे मोठे म्हणून गिअर ऑइल इंजिन ऑइलपेक्षा खूप जाड असतं असं वाटतं. प्रत्यक्षात दोन्हींसाठी दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. इंजिन ऑइलची एसएई जे३००, गिअर ऑइलची एसएई जे३०६. १०० अंश सेल्सिअसला गिअर ऑइलचा ‘९०’ हा दर्जा १३.५ ते १८.५ सेंटिस्टोकच्या (दाटपणाचं एकक) मध्ये येतो. इंजिन ऑइलचा ‘४०’ हा दर्जा १२.५ ते १६.३ च्या मध्ये. म्हणजे गरम झाल्यावर ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल आणि १५डब्ल्यू-४० इंजिन ऑइल दाटपणात जवळजवळ सारखीच. फरक आहे तो आत विरघळलेल्या रसायनांचा.

डब्ल्यू लावलेला आकडा थंडीतल्या वागणुकीचा. ऑइल किती तापमानापर्यंत १,५०,००० सेंटिपॉइजच्या (हेही दाटपणाचंच एकक) आत राहतं, हे त्यावरून कळतं. ७५डब्ल्यू उणे ४० अंशांपर्यंत, ८०डब्ल्यू उणे २६ पर्यंत, ८५डब्ल्यू उणे १२ पर्यंत. हा दीड लाखाचा आकडा उगाच निवडलेला नाही. एका विशिष्ट अ‍ॅक्सलवर थंडीत चाचण्या घेतल्या, तेव्हा ऑइल याहून घट्ट झालं की ते पिनियनच्या बेअरिंगपर्यंत पोचत नाही आणि बेअरिंग जातं, असं दिसलं. पिनियनचं पुढचं बेअरिंग ऑइलच्या पातळीपेक्षा वर आणि दूर असतं. क्राउनने उडवलेलं ऑइल वाहत तिथे जाईल यावरच त्याचं आयुष्य अवलंबून आहे. बर्फाळ प्रदेशात गाडी चालवणाऱ्याने हा पहिला आकडा नीट पाहावा. जिथे पारा कधी शून्याखाली जात नाही तिथे ८०डब्ल्यू आणि ७५डब्ल्यू यांत गाडी सुरू होण्यापुरता फारसा फरक पडत नाही.

दुसरा आकडा गरम ऑइलचा. २००५ पर्यंत ‘९०’ चा पट्टा १३.५ पासून थेट २४ पर्यंत पसरलेला होता, त्यामुळे एकाच आकड्याच्या दोन बाटल्यांत बराच फरक असू शकायचा. मग मध्ये ‘११०’ हा दर्जा घातला गेला आणि ९० चा पट्टा अरुंद झाला. १४० चा पट्टा २४ पासून सुरू होतो. ८५ चा ११ ते १३.५. नव्या पिकअपमध्ये कंपन्या ७५डब्ल्यू-८५ कडे वळल्या आहेत, कारण पातळ ऑइल घुसळायला कमी ताकद लागते आणि इंधन वाचतं.

इथे पुष्कळ जणांना शंका येते की कंपनीने इंधनाच्या आकड्यांसाठी अ‍ॅक्सलच्या आयुष्याशी तडजोड केली असणार. ती शंका निराधार म्हणता येणार नाही, पण त्यावरचा उपाय म्हणून ७५डब्ल्यू-८५ च्या जागी डोळे मिटून ७५डब्ल्यू-१४० ओतणं मला पटत नाही. जाड ऑइल घुसळताना स्वतःच उष्णता तयार होते. हलक्या कामाच्या गाडीत त्यामुळे अ‍ॅक्सल उलट जास्त तापू शकतं. पातळ ऑइल धरून आखलेल्या अ‍ॅक्सलमध्ये बेअरिंग आणि दातांचे पृष्ठभागही त्या ऑइलचा विचार करून ठरवलेले असतात. सतत जड ट्रेलर ओढायचा असेल आणि पुस्तिकेने त्या कामासाठी जाड दर्जाला परवानगी दिली असेल, तर तो जरूर घ्यावा. परवानगी नसेल तर सांगितलेल्याच दर्जाचं चांगलं सिंथेटिक घ्यावं आणि ते लवकर बदलावं.

ट्रेलर ओढताना सगळ्यात जास्त हाल मागच्या डिफरन्शियलचे होतात. इंजिनाला रेडिएटर आहे, ऑटोमॅटिक ट्रान्समिशनला कूलर असतो. अ‍ॅक्सलमध्ये जेमतेम दोन-तीन लिटर ऑइल आणि थंड करायला फक्त बाहेरचा वारा. चढावर हळू, जोर लावून चाललेल्या गाडीला तो वाराही मिळत नाही. सिंथेटिक ऑइलवर जास्त खर्च करायचा असेल तर मी तो आधी इथे करेन. ते उष्णतेत लवकर पातळ होत नाही, लवकर जळत नाही, आणि थंडीत वाहतं राहतं. नव्या गाडीने किंवा क्राउन-पिनियन नवं बसवल्यावर पहिले साधारण ८०० किलोमीटर ट्रेलर ओढू नये असं बऱ्याच कंपन्या सांगतात, तेही याच कारणाने: दात एकमेकांत नीट बसेपर्यंत तिथे उष्णता जास्त तयार होते.

लिमिटेड स्लिप असेल तर

साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक चिखलात फिरू लागलं की सगळी ताकद तिकडेच वाया जाते. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल ते रोखतं. त्याच्या सर्वांत प्रचलित प्रकारात छोट्या क्लच प्लेटांचा गठ्ठा असतो आणि तो जीएल-५ मध्येच बुडालेला असतो. म्हणजे ज्या कप्प्यात फक्त घसरायचं होतं, तिथेच आता पकडणारी गोष्ट आली.

नुसत्या जीएल-५ मध्ये या प्लेटा वळणावर चिकटतात, सुटतात, परत चिकटतात. हळू वळताना मागून ‘गुडगुड’ असा थरथरता आवाज येतो. त्यासाठी फ्रिक्शन मॉडिफायर नावाचं अ‍ॅडिटिव्ह लागतं. ते प्लेटांना झटका न देता हळुवार घसरू देतं. काही बाटल्यांमध्ये ते आधीच मिसळलेलं असतं आणि तसं लेबलवर लिहिलेलं असतं, काहींबरोबर वेगळी छोटी बाटली घ्यावी लागते. वरून आणखी थोडं ‘असू दे’ म्हणून ओतलं तर प्लेटा पकडच घेणार नाहीत आणि लिमिटेड स्लिपवर केलेला खर्च वाया जाईल. ऑइल बदलल्यावर मोकळ्या जागेत गाडी सावकाश इंग्रजी आठच्या आकारात काही वेळा फिरवावी. नवं ऑइल प्लेटांच्या मध्ये शिरतं आणि आवाज बहुधा जातो.

सगळ्या लिमिटेड स्लिपना मात्र हे अ‍ॅडिटिव्ह लागत नाही. टॉर्सनसारखे गिअरवर चालणारे प्रकार क्लच प्लेटांशिवाय काम करतात. जनरल मोटर्सच्या ट्रकमधला जी८० हा आपोआप लॉक होणारा प्रकार तर असा आहे की त्यात हे अ‍ॅडिटिव्ह घालू नका असं कंपनी स्पष्ट सांगते; त्याला लॉक व्हायला आवश्यक असलेलं घर्षण त्यामुळे जातं. बटणाने लॉक होणारी इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियलं बहुतेक साध्यासारखीच. जुनी गाडी घेतली असेल तर अ‍ॅक्सलवरचा टॅग किंवा गाडीच्या स्टिकरवरचा अ‍ॅक्सल कोड पाहून आत काय आहे याची खात्री करावी. आधीच्या मालकाने डिफरन्शियल बदललेलं असणं पिकअपच्या बाबतीत मुळीच दुर्मीळ नाही.

ऑटोमॅटिक ट्रान्समिशन: इथे ऑइल हाच एक सुटा भाग

ऑटोमॅटिकमध्ये एकाच द्रवाला चार कामं करावी लागतात. टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनाची ताकद पुढे नेणं, व्हॉल्व्हना दाब देऊन गिअर बदलणं, सगळं थंड ठेवणं, आणि क्लच प्लेटांना नेमक्या क्षणी, नेमक्या वेगाने पकड घेऊ देणं. चौथं काम सर्वांत नाजूक. पकड लवकर झाली तर झटका बसतो, उशिरा झाली तर प्लेट जळते. ट्रान्समिशनचा कॉम्प्युटर हा क्षण ठरवतो, आणि तो ठरवताना आत अमुक घर्षणाचा द्रव आहे असं गृहीत धरतो.

म्हणूनच एटीएफची मानकं एपीआयने नव्हे, गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी लिहिली. जनरल मोटर्सचं पहिलं मानक, टाइप ए, १९४९ चं. त्यानंतर १९६७ मध्ये डेक्सरॉन आलं. त्या काळात घर्षण नेमकं राखण्यासाठी एटीएफमध्ये स्पर्म व्हेलचं तेल घालत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हेलच्या रक्षणासाठी त्यावर बंदी आली आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. फोर्डच्या जुन्या टाइप एफ मध्ये असा पदार्थच नसायचा, कारण फोर्डला पकड कडक हवी होती. त्यामुळे त्या काळी या दोन कंपन्यांचे द्रव एकमेकांच्या जागी चालत नसत, आणि पुढे गिअरची संख्या वाढत गेली तशा द्रवाकडून असलेल्या मागण्याही अधिक नेमक्या होत गेल्या.

डेक्सरॉन ३ चा दाटपणा १०० अंशांना सात सेंटिस्टोकच्या थोडा वर होता. २००५ मध्ये आलेल्या डेक्सरॉन ६ ला ६.४ ही कमाल मर्यादा आहे. दहा गिअरच्या नव्या ट्रान्समिशनसाठी, उदाहरणार्थ २०१७ च्या एफ-१५० मधल्या १०आर८० साठी, फोर्डने मर्कॉन यूएलव्ही ठरवलं. ते साधारण ४.५ इतकं पातळ. मर्कॉन एलव्ही आणि मर्कॉन यूएलव्ही या दोन नावांत एका अक्षराचा फरक, पण एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. टोयोटाचं डब्ल्यूएस, रॅमचं एटीएफ+४, झेडएफच्या आठ गिअरच्या बॉक्ससाठीचं लाइफगार्ड ८, हे प्रत्येक वेगळं कुटुंब आहे. रंग पाहून ठरवू नका. लाल रंग गळती ओळखता यावी म्हणून घातलेला असतो, दर्जाशी त्याचा संबंध नाही.

बाटलीच्या मागच्या मजकुरात एक बारीक फरक शोधायला शिकावं. ‘परवाना क्रमांक अमुक’ किंवा ‘कंपनीची मान्यता’ असं लिहिलं असेल तर गाडीच्या कंपनीने तो द्रव तपासून स्वीकारलेला आहे. ‘अमुक गाड्यांसाठी योग्य’ असं लिहिलं असेल तर तो ऑइल बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा आहे. दावा खराही असू शकतो, नामवंत उत्पादकांचा बऱ्याचदा असतो. पण एकाच बाटलीवर वीस-तीस मानकांची यादी दिसली की मी सावध होतो, कारण त्यातल्या काहींच्या मागण्या परस्परविरोधी आहेत. शिवाय डेक्सरॉन ३ चे परवाने २००६ च्या अखेरीस संपले. त्यानंतर त्या नावाने विकल्या जाणाऱ्या द्रवावर जनरल मोटर्सचं नियंत्रण उरलेलं नाही. जुन्या डेक्सरॉन मागणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये डेक्सरॉन ६ घालता येतं, हे जनरल मोटर्सनेच सांगितलं आहे.

‘आयुष्यभर बदलायची गरज नाही’ असं काही ट्रान्समिशनबद्दल गाडीची कंपनी सांगते. झेडएफ ही ट्रान्समिशन बनवणारी कंपनी स्वतः मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं झाली की बदला असं म्हणते. यांत कुणाचं ऐकायचं याबद्दल माझ्या मनात शंका नाही: बॉक्स ज्याने बनवला त्याचं. तापमान दर १० अंशांनी वाढलं की ऑइल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीने म्हणूनच या आकड्यांची खालची बाजू धरावी. पॅनचा प्लग उघडून सोडलं तर सगळा द्रव निघत नाही, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बराच अडकून राहतो. त्यामुळे वर्षानुवर्षं न बदललेल्या बॉक्ससाठी थोड्या थोड्या अंतराने दोन-तीनदा सोडून भरणं मला जास्त सुरक्षित वाटतं. मशीनने दाब देऊन सगळं धुऊन काढायची घाई करू नये.

अनेक नव्या ऑटोमॅटिकना डिपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवून, द्रव ठरावीक तापमानाला आल्यावर, खालच्या प्लगमधून तो ओघळू लागतो का यावरून पातळी पाहतात. झेडएफच्या आठ गिअरच्या बॉक्सला ही मोजणी ३० ते ५० अंशांच्या मध्ये करायची असते. थंड किंवा फार गरम असताना मोजलं तर पातळी चुकते, आणि अर्धा लिटर कमी-जास्तही गिअरच्या बदलावर परिणाम करतो.

ट्रान्सफर केसबद्दल थोडक्यात: आत साखळी असेल तर बऱ्याच ठिकाणी एटीएफ लागतं, गिअरवरच चालणारी असेल तर बहुधा गिअर ऑइल, आणि आपोआप फोर बाय फोर होणारी असेल तर तिच्यातल्या क्लचसाठी खास द्रव. इथेही पहिला प्रश्न तोच.

प्रत्यक्ष बदलताना

ड्रेन प्लगला हात लावण्याआधी भरायचा प्लग उघडतो का ते बघा. गंजलेला फिलर प्लग न उघडल्यामुळे रिकामं अ‍ॅक्सल घेऊन अडकून पडलेल्या गाड्या कमी नाहीत. गाडी थोडी चालवून ऑइल कोमट झाल्यावर सोडलं तर गाळही त्याबरोबर निघतो. गाडी सपाटीवर हवी. बहुतेक डिफरन्शियल आणि मॅन्युअल बॉक्समध्ये ऑइल फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आलं की पुरे, पण काही अ‍ॅक्सलमध्ये कडेपासून काही मिलिमीटर खाली ठेवायला सांगतात. जास्त भरलं तर ते घुसळून फेसाळतं आणि सीलमधून बाहेर येतं. प्लगखालचा चुरडणारा वॉशर नवा घाला.

निघालेलं ऑइल टाकून देण्याआधी पाहा. चुंबकावर करड्या रंगाची मऊ पेस्ट असणं नेहमीचं आहे. बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा सापडला तर नवं ऑइल घालून प्रश्न सुटणार नाही, कव्हर काढायला हवं. मॅन्युअल बॉक्समधल्या ऑइलात सोनेरी चमक दिसली तर ती सिंक्रोनायझरच्या झिजेची. एटीएफला जळका वास आला आणि रंग काळपट झाला असेल तर क्लच प्लेटा तापल्या आहेत.

ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. पाण्यातून गेलेल्या पिकअपमध्ये हे वारंवार होतं. गरम अ‍ॅक्सल अचानक गार पाण्यात बुडलं की आतली हवा आकुंचन पावते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते; ब्रीदर, म्हणजे अ‍ॅक्सलमधल्या हवेला आत-बाहेर जाऊ देणारी छोटी वाट, चिखलाने बुजलेला असेल तर ती ओढ सीलवर येते आणि सीलच्या कडेने पाणी आत शिरतं. अशा वेळी ठरलेल्या किलोमीटरची वाट पाहू नये, त्याच आठवड्यात ऑइल बदलावं. पाण्याने बेअरिंग गंजायला फार वेळ लागत नाही. ज्यांना वारंवार पाण्यातून जावं लागतं त्यांनी ब्रीदरला लांब नळी जोडून ती बॉनेटखाली उंच नेऊन ठेवावी आणि पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलचे ब्रीदर मोकळे आहेत ना, हे प्रत्येक सर्व्हिसिंगला पाहावं.